तापलेली बाजू

सकाळी पावणेनऊच्या सुमारास नोंदणी कार्यालयाच्या पश्चिमेकडच्या फुटपाथवरून जाताना कानसेनच्या बाहीवर चिमूटभर साखर सांडली. निदान पहिल्या क्षणी त्याला तसंच वाटलं. काळा कोट आणि त्यावर पांढरे बारीक दाणे. वरच्या एखाद्या खिडकीत कुणीतरी चहा ढवळून चमचा झटकला असेल. त्याने दोन बोटांत ते दाणे घेतले, चोळले, आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले. साखर चोळली की बोटांना चिकटते. हे चिकटत नव्हतं, नुसतं कुरकुरत होतं. मागून येणारी एक बाई त्याच्या पाठीवर आदळली, काहीतरी पुटपुटली आणि पुढे गेली. वर बघायचं नाही, असं त्याने ठरवलं. सव्वीस वर्षं त्याने पोट भरलं ते इमारतींकडे वर बघूनच, पण त्या क्षणी मान वर करायला त्याचा जीव होईना. त्याने समोर बघितलं. समोर रांग होती. या इमारतीत जन्म लिहितात, लग्न लिहितात आणि मरणही लिहितात, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी या भिंतीखाली येऊन उभा राहतोच. अंगावर बाळ घेतलेली एक बाई होती, कुजबुजत भांडणारं एक नवं जोडपं होतं, छातीशी पाकीट धरलेला एक म्हातारा होता. चौदा मजल्यांची पांढरी संगमरवरी भिंत त्यांच्या डोक्यावर उभी होती आणि त्यातल्या एकाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं. मग त्याने वर बघितलं. समोरच्या काचांवर आपटून कोवळं ऊन भिंतीवर बाजूने तिरकं येत होतं, आणि तसल्या उन्हात दगड काही लपवू शकत नाही. सातव्या मजल्यापासून वर लाद्यांना पोट सुटलं होतं. एक नाही, दोन नाही, ओळीच्या ओळी. सात महिन्यांपूर्वी याच भिंतीला त्याने ठीक म्हटलं होतं.

संगमरवर म्हणजे वरून राजस आणि आतून रडका, असं तो नव्या माणसांना सांगायचा. तीन सेंटीमीटर जाडीची लादी, मागे चार पोलादी आकडे, आकडे आणि भिंत यांच्यात वीतभर पोकळी. ऊन लागलं की लादी फुगते, थंडी पडली की आक्रसते. पण फुगते तेवढी परत येत नाही. केसभर, केसाच्याही शंभराव्या भागाएवढी फुगलेलीच राहते. रोज. पुढचं अंग उन्हात, मागचं अंग ओलीत, मध्ये दगडाचे दाणे एकमेकांचा हात सोडत जातात. वीस वर्षांनी लादी बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकते, आकड्यांपाशी भोकं भुसभुशीत होतात, पावसातून उतरणारा गाड्यांचा धूर पृष्ठभाग खातो आणि नखाने खरवडलं तर साखर हातात येते. उत्तर बाजू काळवंडते, दक्षिण बाजूला पावसाचे ओघळ पडतात, पूर्व बाजू सुखी असते. मरते ती पश्चिम. हे सगळं तो असं काही सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा कुणा ओळखीच्या घराण्यातली भानगड सांगतोय. त्याचं खरं काम मात्र सांगण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं. दोन दोरांवर गच्चीवरून सोडलेल्या लोखंडी पाळण्यात उभं राहायचं, बोटभर लांबीच्या हातोडीने प्रत्येक लादीला पाच ठिकाणी ठोकायचं आणि ऐकायचं. धरून बसलेली लादी टणकन बोलते. सुटलेली लादी डबकन बोलते. आणि या दोन आवाजांच्या मधले आणखी वीस आवाज असतात, ते ज्याला कळतात तोच या धंद्यात टिकतो. त्याला कळायचे. एकदा एका बँकेच्या भिंतीवर तिघांनी पास केलेल्या लादीपाशी त्याने पाळणा थांबवला होता आणि ही काढा म्हणून हटून बसला होता. काढली, तर मागचा आकडा गंजून सुतळीएवढा उरलेला. तेव्हापासून साहेबांनी त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं राहिलं. त्याला ते आवडायचं. माणसाला आपल्या शरीरातला एखादाच अवयव अभिमानाने मिरवता येतो, आणि त्याचा तो ठरलेला होता.

आणि तोच गेला. दोन वर्षांपूर्वी उजव्या कानात आधी फोनवरची माणसं लांब गेली, मग दारावरची घंटा गेली, मग एके दिवशी पाळण्यात उभं राहून ठोकताना त्याच्या लक्षात आलं की टण आणि डब यांच्यामधले ते वीस आवाज कुणीतरी एका रात्रीत उचलून नेले आहेत. उरला एकच. टक. चांगला दगड टक, वाईट दगड टक. डावा कानही लवकरच उजव्याच्या मागे निघाला. तो डॉक्टरकडे गेला नाही. डॉक्टर कागदावर लिहितो, आणि कागद ऑफिसात जातो. त्याऐवजी तो युक्त्या करायला लागला. ठोकण्याआधी लादी डोळ्यांनी नीट बघून घ्यायची. डाग, फट, फुगवटा. मग ठोकायचं आणि कान टवकारल्यासारखं करायचं, डोळे अर्धवट मिटायचे, पूर्वी मिटायचा तसे. मग सांगायचं: ठीक. किंवा: पोकळ. आणि गंमत अशी की जमत होतं. दोन वर्षांत त्याचे अहवाल कधी नव्हते एवढे बिनचूक ठरले. बावीस पोकळ म्हणून दिल्या तर बावीसच्या बावीस सुटलेल्या निघायच्या. आपण एवढ्या सांगितल्या होत्या का, असं त्याला कधी कधी पुसटसं वाटायचं, पण कौतुक गोड असतं आणि त्याचा हिशेब मागायचा नसतो. त्याने स्वतःची समजूत घातली की कानातलं जे गेलं ते डोळ्यांत आलं.

पाळण्यात दोन माणसं लागतात. एक ठोकतो, दुसरा लिहितो. गेली सहा वर्षं त्याचं लिहायला होता त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कानसेननेच त्याला या धंद्यात आणलं होतं, कारखाना बंद पडल्यावर घरी बसला होता म्हणून. घरी तो त्याला मेहुणा म्हणून अहो-जाहो करायचा. पाळण्यात पाय ठेवला की अरे-तुरे. मेहुण्याने दोन्ही मुकाट्याने घेतलं होतं. तो मुळातच कमी बोलायचा, खांदे जरा पुढे झुकवून उभा राहायचा, आणि लिहिण्याआधी एक क्षण थांबायचा. त्या थांबण्याचा कानसेनला राग यायचा. अक्कल लागते तिथे वेळ लागतो याला, असं तो बहिणीसमोरच म्हणायचा, तिच्याच घरी, तिनेच वाढलेल्या ताटावर. अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हापासून तो रोज संध्याकाळी दोन मजले उतरून बहिणीकडे जेवायचा. बायको जाताना म्हणाली होती, तुला माणसातलं फक्त वाईट तेवढं ऐकू येतं. त्याने ते चारचौघांत विनोद म्हणून सांगितलं होतं आणि लोक हसले होते.

फुटपाथवर उभ्या उभ्या त्याला ती दुपार आठवली. आठवली म्हणजे काय, ती त्याच्या अंगावरच आली. उन्हाळा ऐन भरात होता, लादीला हात लावला तर चटका बसत होता. पश्चिम बाजू सकाळीच ठोकायची, दगड थंड असताना, हा नियम त्यानेच सगळ्यांना शिकवलेला. तापलेल्या लाद्या फुगून एकमेकींना घट्ट दाबून धरतात; मधली सुटलेली असली तरी चारी बाजूच्या चौघी तिला धरून ठेवतात आणि ठोकलं तर ती चांगल्या घरच्या मुलीसारखी टणकन बोलते. सकाळी थंडीत सगळ्या आक्रसल्या की तिचा हात सुटतो आणि तेव्हा ती खरं बोलते. पण सकाळी समोरच्या बसथांब्याचा एवढा गोंगाट असे की त्याला त्याची ती एकुलती एक टकसुद्धा ऐकू येत नव्हती. दुपारी कार्यालय जेवायला बंद होई, रस्ता सुना पडे. म्हणून त्याने सांगितलं, पश्चिम बाजू दुपारी घ्यायची.

मेहुणा म्हणाला होता, "दादा, पण दगड तापलेला असतो ना दुपारी?"

"मग?"

"नाही म्हणजे, तुम्हीच सांगता ना. तापलेल्या दगडाचा आवाज खोटा असतो म्हणून."

गच्चीवर दोर सांभाळणारी दोन माणसं ऐकत होती. कानसेनने त्यांच्याकडे बघत म्हटलं, "ऐकलंत? सहा वर्षं वही धरली तर हा आता मला शिकवायला निघाला. बहीण दिली म्हणून डोकंही दिलं असं वाटलं की काय याला!" ती माणसं खो खो हसली. मेहुणाही हसला, कारण न हसून तो करणार काय! मग दोघं पाळण्यात उतरले आणि चार दुपारी त्यांनी सगळी पश्चिम बाजू उरकली. लिहायच्या कागदावर वेळेचा एक रकाना असतो. तिथे कानसेनने सकाळ लिहायला लावली, सात चाळीस, आठ दहा, असं. मेहुणा तेव्हाही थांबला होता, नेहमीपेक्षा जरा जास्त. आणि आणखी एक गोष्ट त्याने करायला लावली. ठोकणाऱ्याचा परवाना मिळायला चारशे तास स्वतःच्या नावावर लागतात, आणि मेहुण्याचे अजून पंधरा-सोळा कमी पडत होते. या धंद्यात जुनी माणसं आपले थोडे तास आपल्या माणसाच्या नावावर टाकतात. सगळेच टाकतात, साहेबांनाही ते ठाऊक असतं. कानसेन म्हणाला, ठोकणारा म्हणून तुझं नाव घाल, लिहिणारा म्हणून माझं. घे, तुझे तास झाले. त्या दिवशी बहिणीने जेवताना त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं होतं की त्याला स्वतःबद्दल भरून आलं होतं. महिन्याभरात मेहुण्याला परवाना मिळाला आणि तिने तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

ऑफिसपर्यंत दहा मिनिटांची वाट. त्या दहा मिनिटांत त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारला आणि एकदाही त्याचं उत्तर पुरतं होऊ दिलं नाही. ते तास आपण मायेनेच दिले ना? मायेनेच. बहिणीसाठी. पण नेमके त्याच चार दुपारींचे का? त्याआधी वर्षभर पूर्वेच्या, उत्तरेच्या भिंती होत्या, थंड, सरळ, बिनधोक. त्यांचे तास तेव्हा का नाही सुचले? तेव्हा सुचलं नाही एवढंच. माणसाला जेव्हा सुचतं तेव्हा सुचतं. की पाळण्यात उभं असताना, हातात हातोडी असताना, मनाच्या कुठल्यातरी मागल्या खोलीत कुणीतरी शांतपणे खुर्ची ओढून बसलं होतं आणि म्हणत होतं, हे कागद एक दिवस कुणीतरी काढेल? त्याने त्या खोलीचं दार ओढून घेतलं. एका दुकानाच्या काचेत त्याला त्याचा चेहरा दिसला, आणि नवल म्हणजे तो अगदी सभ्य दिसत होता, चिंता करणाऱ्या माणसाचा, दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्या माणसाचा.

साहेबांना त्याने ताबडतोब सांगितलं; तेवढं मात्र त्याच्या नावावर लिहायलाच हवं. नोंदणी कार्यालयाची पश्चिम बाजू बंद करा, आत्ता, रांग हलवा, लाद्यांना पोट सुटलंय. साहेबांनी एकही प्रश्न न विचारता फोन उचलला. अर्ध्या तासात तिथे दोऱ्या लागल्या, रांग वळसा घालून उत्तरेच्या भिंतीखाली गेली. "नुसतं जाता जाता दिसलं तुम्हाला?" साहेब म्हणाले. "धन्य आहे." आणि कानसेनला, अशा वेळीसुद्धा, आतून गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत दुसऱ्या जोडीने ती बाजू ठोकली. एक्केचाळीस लाद्या सुटलेल्या निघाल्या. त्यातली एक, बाराव्या मजल्यावरची, हातोडी लागताच पुढे कलली. दोघांनी छातीने दाबून धरली म्हणून राहिली. ऐंशी किलोची लादी. तिच्या बरोबर खाली रांगेचं तोंड यायचं. मग साहेबांनी सात महिन्यांपूर्वीची फाईल मागवली आणि कानसेन व मेहुण्याला आत बोलावलं.

साहेबांच्या खोलीत टेबलासमोर एकच खुर्ची होती, ती त्यांनी कानसेनला दिली. मेहुणा उभा राहिला. साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मेहुणा म्हणाला.

"ठोकणारा म्हणून नाव?"

"माझं."

"वेळ लिहिलीये सात चाळीस. गच्चीवरच्या माणसांना मी विचारलं. ते म्हणतात पाळणा दुपारी दोनला सोडायचे. तापलेला दगड ठोकायचा आणि सकाळ लिहायची? शिकवलं नव्हतं कुणी तुम्हाला?"

मेहुण्याने मान वळवून कानसेनकडे बघितलं. त्या नजरेत दटावणी नव्हती, विनवणीही नव्हती. तो फक्त थांबला होता, लिहिण्याआधी थांबायचा तसा. सांगणाऱ्याने सांगायचं आणि मग आपण लिहायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्या शांततेत कानसेनला स्वतःच्या डोक्यातली शिट्टी ऐकू येत होती, हल्ली सतत वाजणारी, बारीक. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, ठोकलं मी, हा नुसता लिहीत होता. पण त्या वाक्यामागे दुसरं उभं होतं, दुपारीच का ठोकलं, आणि त्याच्यामागे तिसरं. तीन वाक्यांत सव्वीस वर्षं संपत होती. त्याने घसा खाकरला.

"चूक माझी आहे साहेब," तो म्हणाला, आणि साहेबांचा चेहरा हळवा झाला. "अजून नवा आहे तो. घाई झाली असेल त्याला. ठोकणं, लिहिणं दोन्ही मी त्याच्यावर सोडायला नको होतं. आपलाच माणूस म्हणून मी डोळे झाकून सही केली. मला काय शिक्षा करायची ती करा."

शब्द नि शब्द किती मोठ्या मनाचा होता! तो बोलत असताना त्याला स्वतःलाच ते खरं वाटत गेलं, आणि शेवटी शेवटी तर डोळेही ओलावले. साहेबांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, एवढा मोठेपणा आजकाल बघायला मिळत नाही. मेहुण्याकडे न बघता ते म्हणाले, तुमचा परवाना जमा करा. खोटी वेळ लिहिणाऱ्याला या कामात पुन्हा जागा नाही, कुठेच नाही, मी सगळ्यांना कळवणार आहे. मेहुणा "बरं" म्हणाला. दारापाशी गेल्यावर त्याने परत वळून, सवयीने, कानसेनसाठी दार धरून ठेवलं.

चार दिवस कानसेन बहिणीकडे जेवायला उतरला नाही. सकाळचा पाव संध्याकाळी खाल्ला, उभ्याने. जिन्यात खालच्या दाराचा कानोसा घ्यायचा प्रयत्न केला, पण कानोसा घ्यायला कान लागतो. स्वतःशी त्याने बरीच भाषणं केली. मी नसतो तर याला हे काम तरी मिळालं असतं का? सहा वर्षं जेवला तो माझ्याच जिवावर. त्याचं अजून वय आहे, हातपाय धड आहेत, कुठेही चिकटेल. मला या वयात कोण उभं करणार? आणि माणसं वाचली ना? शेवटी मीच पाहिलं ना? ही भाषणं त्याला पटत होती, फक्त ती पुन्हा पुन्हा करावी लागत होती. रविवारी दुपारी बहीणच वर आली. दार उघडंच होतं. तो खिडकीशी पाठमोरा बसला होता. ती किती वेळ मागे उभी होती आणि काय काय बोलली, ते त्याला कधीच कळणार नव्हतं. सहज मान वळवली तेव्हा ती दिसली, आणि तिच्या तोंडावरून त्याला कळलं की तिला त्याच्या कानांचं समजलं आहे.

"दचकू नकोस," ती मोठ्याने म्हणाली, बहिऱ्याशी बोलतात तशी, एकेक शब्द सुटा करून. "दोन वर्षं झाली मला कळून. जेवताना मी मुद्दाम तुझ्या डाव्या बाजूला बसायला लागले, लक्षात आलं का तुझ्या?"

तो तिच्याकडे वळून बसला.

"भांडायला नाही आले. तो म्हणाला, जाऊ नकोस. म्हणाला, दादांचं सगळं त्या कानावर आहे, ते गेलं तर त्यांच्याकडे काय राहिलं? मला म्हणाला, गप्प राहू, मी करीन काहीतरी. टाइल्सच्या दुकानात माल उचलायला लागलाय तो कालपासून. पंचेचाळिसाव्या वर्षी."

"मी त्याच्यासाठी साहेबांशी बोललोय," तो म्हणाला. "थोडे दिवस जाऊ देत."

"बोललास ते कळलं मला. सगळं ऑफिस सांगतंय, दादा काय देवमाणूस आहे." ती हसली. लहानपणी आई रागवायची तेव्हा ती असंच हसायची, आणि मग जास्त मार खायची. "मी तुला एकच सांगायला आलेय. त्याने मला शपथ घातली होती, पण आता त्या शपथेत काही अर्थ नाही. तुला काय वाटतं, दोन वर्षं तुझे अहवाल बरोबर कसे आले?"

त्याला कळलं नाही. मग कळायला लागलं, आणि ते थांबवता येईना.

"तू ठोकायचास आणि काहीतरी सांगायचास. तो तुझं नाही लिहायचा. दगडाचं लिहायचा. तू ठीक म्हणालास आणि आवाज पोकळ आला तर तो पोकळ लिहायचा. तू उगाच पोकळ म्हणालास तर ठीक लिहायचा. दोन वर्षं. प्रत्येक लादी. घरी येऊन डोकं धरून बसायचा. त्या चार दुपारीच फक्त त्याचा इलाज चालला नाही, कारण दगडच खोटं बोलत होता. सकाळी पुन्हा ठोकू म्हणून तो गच्चीवर गेला होता, तुला माहीत नाही. पण तोवर पाळणा काढून नेला होता." ती थांबली. "कान त्याचे होते, दादा. नाव तुझं होतं."

आता त्याला शरम वाटायला हवी होती. ती येईल म्हणून त्याने क्षणभर वाटही पाहिली. आला तो संताप, थेट पायांपासून. दोन वर्षं तो मूर्ख बनून पाळण्यात उभा होता! डोळे मिटून, मान कलती करून, ठीक, पोकळ, ठीक, आणि शेजारी तो वहीत मान घालून मनातल्या मनात त्याची कीव करत होता. ते थांबणं. त्या प्रत्येक थांबण्यात त्याची कीव होती. आपण त्याचं आयुष्य उठवलं हे त्याला सोसण्यासारखं होतं. आपल्याला त्याने सांभाळून घेतलं हे मात्र काही केल्या सोसवेना.

"मग तेव्हा बोलायचं होतं त्याने," तो ओरडला. "चोरून दुसरंच लिहायचं, ही फसवणूक नाही? साहेबांना हे कळलं तर तुरुंगात जाईल तो. सांग त्याला. माझ्या नावावर खोटं लिहीत होता, दोन वर्षं!"

बहिणीने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यातलं माणूस निघून गेलं होतं. "डबा पाठवत जाईन," ती म्हणाली. "उपाशी ठेवणार नाही तुला. पण खाली येऊ नकोस." जाताना तिने दार लावून घेतलं की आपटलं, हे त्याला समजलं नाही. संध्याकाळी डबा आला, गरम, त्याच्या आवडीचं सगळं त्यात होतं, आणि त्याने तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं की आता पूर्ण इमारत नव्याने बघायची. पश्चिम बाजू तर उतरवायचीच आहे. उरलेल्या तीन बाजू फक्त तुम्ही ठोकायच्या, दुसऱ्या कुणावर आमचा भरवसा नाही. उत्तरेपासून सुरू करा, रांग आता तिथे उभी असते. तुम्ही ठीक म्हणालात की आम्ही निर्धास्त. लिहायला त्यांनी दप्तरखान्यातला एक कारकून दिला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, मोत्यासारखं अक्षर, सांगितलेल्या शब्दात काना-मात्रेचा फरक करणार नाही असा त्याचा लौकिक होता. झाल्या प्रकारानंतर साहेबांना असाच माणूस हवा होता.

सकाळी सात वाजता ते दोघं पाळण्यात उतरले. थंडी होती, दगड गार होता, नियमाप्रमाणे सगळं जिथल्या तिथे होतं. कारकुनाला उंचीची सवय नव्हती, तो एका हाताने कठडा आणि एका हाताने वही धरून उभा होता, आणि अदबीने गप्प होता. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, त्यामुळे तिला पोट सुटत नाही. तिचं मरण आतल्या आत, आकड्यांपाशी, ओलीने होतं. बाहेरून ती काळी पडते, बस्स. डोळ्यांना धरायला तिथे काहीच नव्हतं. वरून पहिली रांग, दुसरी, तिसरी. टक. टक. त्याने डावा कान दगडाजवळ नेला. टक. त्याने मोकळा तळहात लादीवर ठेवून ठोकून बघितलं. तळव्याला काहीतरी जाणवलं, पण ते दगडाचं होतं की स्वतःच्या नाडीचं, ते ठरेना. शेजारी कुणीही थांबत नव्हतं. त्याने ठीक म्हणावं आणि पेन लगेच कागदावर उतरावं. एवढं चटकन की त्याला दर वेळी वाटे, अजून जरा थांब ना, बाबा, जरा ऐक. मला ऐकू येत नाही, असं म्हणायला एक श्वास पुरला असता. त्याने खाली बघितलं. उत्तरेच्या भिंतीखाली रांग लागायला सुरुवात झाली होती, वरून माणसांची नुसती डोकी दिसत होती, टकलं, अंबाडे, एका बाईच्या खांद्यावर टाकलेलं झोपलेलं मूल. अकराव्या मजल्यावर, डावीकडून चौथ्या लादीवर, त्याने मध्यावर ठोकलं, मग चारी कोपऱ्यांत. डोळे अर्धवट मिटले. मान कलती केली.

"ठीक," तो म्हणाला.

पेन उतरलं नाही. त्याने डोळे उघडले. कारकून लादीकडे बघत होता, त्याच्या कपाळाला आठी पडली होती, आणि तो संकोचत, चुकून मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या माणसासारखा म्हणाला, "साहेब, मला यातलं काही कळत नाही हं. पण हिचा आवाज मला जरा वेगळा वाटला. आत रिकामं असल्यासारखा."

कानसेन त्याच्याकडे वळला. मग त्याला ती नजर दिसली, थांबलेली, वाट बघणारी, आणि तिच्यात कीव आहे की नाही ते तो शोधू लागला.

"तुमचे कान तपासून घ्या," तो म्हणाला. "लिहा."

कारकून ओशाळला, "माफ करा, सहज बोलून गेलो," म्हणाला, आणि त्याने त्या चौकटीत मोत्यासारख्या अक्षरात ठीक लिहिलं. कानसेनने वर हात करून खूण केली आणि पाळणा एक रांग खाली उतरला.